बायकांच्या नाटकाचा रंग

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती आणि ती छापखाना चालवत होती. हे वाक्य मी आजवर कितीतरी लोकांना ऐकवलं आहे आणि दर वेळी माझी मान थोडी ताठ होते. ऐकणारा हसतो. त्याला वाटतं, बाई वाढवून सांगतेय. मी काही वाढवत नाही. आष्ट्याच्या बाजारपेठेत दोन खणांच्या जागेत आमचा छापखाना होता. वडील गेले तेव्हा मी सांगलीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. भावकीतल्या चारचौघांनी येऊन मशीन विकून टाकायचा सल्ला दिला. आईने सगळ्यांना चहा पाजला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्याचं कुलूप काढून आत झाडू मारला.

खिळे जुळवायला, म्हणजे शिशाची अक्षरं एकापुढे एक लावून मजकूर तयार करायला, वडिलांच्या वेळचे एक काका होते. पायाने मारायचं मशीन आई स्वतः चालवायची. मजकूर बरोबर आहे की नाही हे ती गिऱ्हाइकाकडूनच मोठ्याने वाचून घ्यायची आणि वाचणारा कुठे अडखळला की म्हणायची, "तितं कायतरी हाय बगा." बहुतेक वेळा तिथे काहीतरी असायचंच.

पण कागद निवडायचं काम तिचं. त्यात ती कुणाचं ऐकायची नाही.

तमाशाची हँडबिलं गुलाबी कागदावर. कुस्तीच्या मैदानाची पिवळ्यावर, कारण तालमीच्या मातीत हळद असते, असं आईचं म्हणणं. काकांचं म्हणणं असं की पहिल्या मैदानाच्या वेळी कपाटात पिवळाच शिल्लक होता. तंबूतल्या सिनेमाचा कागद हिरवा, कीर्तनाचा आणि पारायणाचा केशरी. बौद्ध वस्तीतल्या जयंतीच्या जलशाला निळा, आणि तोही असातसा निळा नाही. ती माणसं कागद उन्हात धरून बघायची, फिका वाटला की परत करायची, आणि आई सांगलीहून दुसरा आणायची. पांढरा कागद फक्त दिवसकार्याच्या पत्रांना. आमच्या दारातून कुणी पांढरं पत्र घेऊन निघालं की समोरचा किराणावाला हातातलं माप खाली ठेवायचा आणि कोण गेलं ते विचारायचा.

हे कुणी ठरवलं नव्हतं, पण गावाला पाठ होतं. गावातल्या निम्म्याच्या वर मोठ्या माणसांना तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि त्यांचं काही अडत नव्हतं. ज्याच्या हातात कागद पडायचा त्याचा चेहरा आधी बदलायचा, मग तो कुणाकडून तरी तारीख आणि जागा विचारून घ्यायचा. आई छापखान्याच्या पायरीवर बसून हे बघायची. गुलाबी कागद मिळाला की पुरुष आधी आजूबाजूला बघतो, मग चार घड्या घालून टोपीत खोचतो. पिवळा मिळाला की तो तसाच उघडा मांडीवर आपटत चालतो, छाती आपोआप पुढे येते. हिरवा बायका मागून घ्यायच्या आणि घडी न करता पिशवीत वर ठेवायच्या. केशरी कागदाने म्हाताऱ्यांचे खांदे सैल पडायचे. निळा घेतलेला माणूस पेठेतून चालताना रस्त्याच्या कडेने चालायचा नाही, मधून चालायचा. हे सगळं मला आईने दाखवलं म्हणून दिसलं. नाहीतर मीही अक्षरंच बघत बसले असते.

खरं तर बसलेच होते. बी.ए. होऊन, मराठी विषय घेऊन, मी आष्ट्याला परत आले तेव्हा माझं नाक चांगलंच वर होतं. आईला मी ऐकवायचे, "कागदाच्या रंगावरून काय ओळखायचं? मग अक्षरं कशाला आहेत?" आई म्हणायची, "अक्षरं हायत की. पर ती मागनं येत्यात." यावर मी मोठ्याने हसायचे. काका मान खाली घालून खिळे लावत राहायचे. बी.ए. झालेल्या मुलीपुढे काय बोलायचं, असं त्यांना वाटत असावं.

एकाहत्तरच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या महिला मंडळाने नाटक बसवलं. सगळ्या भूमिका बायकांच्या, पुरुषांच्यासुद्धा. प्रयोग दुपारी, शाळेच्या आवारात, म्हणजे भाकरी-कालवण उरकून बायकांना येता येईल. आष्ट्यात नाटकं व्हायची, पण त्यात बायकांचं काम करायला बाहेरून नट्या आणायचे. गावातल्या लेकीसुनांनी मंचावर उभं राहायचं, हे पहिल्यांदाच होत होतं. नाटक बसवत होत्या बालवाडीच्या बाई. त्या बौद्ध वस्तीतल्या, आवाज खणखणीत, आणि घराघरांत जाऊन सासवांची परवानगी त्यांनीच काढली होती. प्रत्येक घरात दोन-दोन, तीन-तीन खेपा घातल्या होत्या.

मुख्य काम होतं रजेवर घरी आलेल्या फौजीचं. ते करत होती माझी शाळेतली मैत्रीण, आमच्या गल्लीतल्या सुभेदारांची सून. तिचा नवरा तेव्हा सरहद्दीवर होता. सातवीनंतर तिची शाळा सुटली, लग्न झालं, आणि तेव्हापासून ती पाणी, शेण, भाकरी आणि सासऱ्यांचा चहा एवढ्यातच दिसायची. नाटकाच्या तालमीला यायला लागली आणि तिची चालच बदलली. नवल म्हणजे सुभेदारांनी स्वतः परवानगी दिली होती. सून फौजीचं काम करणार म्हटल्यावर म्हाताऱ्याने आपला जुना कोट ट्रंकेतून काढून दिला आणि अंगणात उभं करून तिला सलाम शिकवला. "कोपार वर. अजून वर. बोटं जोडून." मी भिंतीवरून बघत होते. ती इतकी खुश होती की तिला हसू आवरत नव्हतं, आणि सुभेदार ओरडत होते, "सलामीत दात दाखवायचं न्हाईत!"

प्रयोगाला सहा दिवस होते तेव्हा आई वाईला माहेरी गेली. मावशी आजारी होती. छापखाना माझ्या हवाली. त्याच दिवशी बालवाडीच्या बाई नाटकाचा मजकूर घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार. हँडबिलं बाजारात वाटली गेली पाहिजेत, नाहीतर खेड्यापाड्यांत बातमी पोचायची नाही. मी कपाट उघडलं. पिवळा संपलेला, हिरवा संपलेला, केशरी चार-दोन ताव. भरपूर होता तो पांढरा आणि गुलाबी.

काका म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या ताई. उद्या सकाळच्या गाडीनं सांगलीस्नं कागद आनू. दुपारच्या बाजारात वाटू."

मी म्हणाले, "सकाळचा बाजार चुकेल. गुलाबीवर घ्या."

"गुलाबीवर?"

"का? वरती ठळक छापा की, महिला मंडळाचे सामाजिक नाटक. माणसं वाचतील ना. आणि बायकांच्या नाटकाला गुलाबी छानच दिसेल."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा वडिलांच्या फोटोकडे. मग मशीनवर गुलाबी रीम चढवली. छापून आल्यावर पत्रक खरंच देखणं दिसत होतं. भोवती वेलबुट्टी, मध्ये बायकांची नावं. मैत्रिणीचं नाव पहिलं. मी एक प्रत तिच्या घरी स्वतः नेऊन दिली. तिने आपल्या नावावरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. तिचं नाव छापलेलं तिने पहिल्यांदा बघितलं होतं.

बाजारात हँडबिलं वाटायचं काम एका हलगीवाल्या मामांचं असायचं. ते हलगी वाजवत फिरायचे आणि कागद द्यायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. पिवळा कागद हातात दिला की कुस्तीचा ठेका, केशरी दिला की हलगी बाजूला ठेवून नुसतीच हाळी. त्या सकाळी मी त्यांच्या हातात गुलाबी गठ्ठा ठेवला, आणि मामांनी नेहमीप्रमाणे तमाशाचा ठेका धरला. त्यांचं काहीच चुकलं नाही. ते अख्खा बाजार फिरले, गुळाच्या ओळीतून, बैलांच्या ओळीतून, एसटी स्टँडपर्यंत.

दुपारपर्यंत छापखान्याच्या दारात माणसं यायला लागली. एकाने विचारलं, "फड कुठला हाय?" दुसऱ्याने विचारलं, "शाळंत कसा काय तमाशा?" तिसरा मजकूर वाचून आला होता, तो हसत म्हणाला, "गावातल्याच बायका नाचनार हायत म्हनं." मी प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवत होते, सामाजिक नाटक, सामाजिक नाटक, आणि माझा आवाज दर वेळी बारीक होत होता. संध्याकाळी पाणवठ्यावरून येणाऱ्या दोन तालमीवाल्या बायकांवर कुणीतरी शिट्टी मारली. अंधार पडायच्या आत तीन घरांतून निरोप आले, आमची येणार नाही.

सकाळी सुभेदार आले. हातात तोच कागद. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला.

"हे कुनी छापलं?"

"मी छापलं. पण त्यात काय लिहिलंय ते तरी वाचा ना," असं म्हणून मी वाचायलाच सुरुवात केली.

"मला वाचाय येतंय पोरी. फौजेत शिकलोय. पर बाजार वाचत न्हाई, बाजार बगतो. काल माज्या सुनंचं नाव तमाशाच्या ठेक्यावर गावात फिरलं. पोरगं तिकडं बर्फात हुबं हाय आनि हितं त्याच्या बायकुच्या नावानं शिट्ट्या वाजत्यात. ती नाटकात न्हाई. कोट परत ट्रंकंत गेला."

ते गेले. मी त्यांच्या घरी गेले नाही, माझी हिंमतच झाली नाही. भिंतीवरून बघितलं. मैत्रीण अंगणात भांडी घासत होती आणि तिने मान वर केली नाही. मला माझी इतकी लाज कधीच वाटली नव्हती. ज्या बाईने मुश्किलीने उंबरा ओलांडला, तिला मी माझ्या हुशारीने परत आत ढकललं होतं. ती नसेल तर नाटक नाही, आणि हे नाटक झालं नाही तर पुन्हा कुठलीच सासू परवानगी देणार नाही, हे बालवाडीच्या बाईंनी मला शांतपणे सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी काही सांगायच्या आधीच तिला माहीत होतं. कऱ्हाडपासून एसटीत तिच्या पुढच्या बाकावरच्या माणसाच्या टोपीतून गुलाबी कागद डोकावत होता. तिने सहज विचारलं, कुठला फड, दादा? तो म्हणाला, फड न्हाई, आष्ट्याच्या बाया हायत. पुढचा सगळा रस्ता तिने खिडकीबाहेर बघत काढला.

तिने पिशवी ठेवली, पाय धुतले आणि मला एकच विचारलं, "सांगली किती लांब हाय?"

मी रडायला लागले.

"रडू नगंस. कागद किती उरल्यात?"

अडीचशे उरले होते. मी म्हणाले, आपण सगळी परत छापू, पिवळ्यावर, हिरव्यावर, तू म्हणशील त्यावर. काकांनाही तेच वाटत होतं. आईने मान हलवली. "आता रंग बदलला तर गाव म्हनंल, चोरी सापडली म्हनून बदलला. आनि बायकांच्या नाटकाचा रंग कुठला, ते अजून कुनाला ठावंच न्हाई. मग गुलाबीच असंल. गुलाबीच ऱ्हाऊ दे."

मग तिने मंडळातल्या बायकांना छापखान्यात बोलावलं. येताना हळदी-कुंकवाचे करंडे आणायला सांगितले. आमच्याकडे लग्नाची पत्रिका दारोदार देताना तिच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावतात, सोबत अक्षता देतात. तसा कागद कुणी टोपीत खोचत नाही, रस्त्यात टाकत नाही, त्यात पुडी बांधत नाही. तो पदरात घेतात आणि देवापुढे ठेवतात. आईने अडीचशे हँडबिलं चटईवर मांडायला लावली. बायकांनी प्रत्येक कागदाला एक बोट हळद आणि एक बोट कुंकू लावलं. गुलाबीवर ते लाल असं उठून दिसत होतं की काकासुद्धा चष्मा पुसून बघायला आले.

आईने बोट लावलं नाही. ती विधवा होती. कल्पना तिची, कागद तिचा, मशीन तिचं, पण करंडा ती फक्त सरकवून देत होती. मला त्याचा तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो. बालवाडीच्या बाईंनीही लावलं नाही, त्यांच्या घरात छप्पनपासून या गोष्टी बंद झाल्या होत्या. त्या स्पष्ट म्हणाल्या, "काकी, मी कुंकू लावनार न्हाई. पर चालनार तुमच्याबरोबर." आई म्हणाली, "मीबी लावत न्हाई. आपुन दोगी मागनं चालू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-सोळा बायका काठापदराच्या साड्या नेसून, ताटात अक्षता घेऊन निघाल्या. पुढे हलगीवाले मामा. काय घडलं ते कळल्यावर बिचारे दोन दिवस जेवले नव्हते, त्यांनी स्वतः होऊन लग्नाचा ठेका धरला. आम्ही घरोघरी गेलो. पहिल्याच दारात एक म्हातारी कागद बघून दचकली. मग तिला कोपरा दिसला. तिने ओले हात लुगड्याला पुसले, पदर पसरला, कागद घेतला आणि कपाळाला लावला. "कुनाचं लगीन गं?" तिने विचारलं. बायका म्हणाल्या, "लगीन न्हाई आत्ती, आमचं नाटक हाय. परवा दुपारी. सुनंला घिऊन या." म्हातारी म्हणाली, "अक्षत दिलीया म्हंजे याय लागतंयच की." पुढच्या दारात असंच. त्याच्या पुढच्या दारातही. दुपार होईस्तोवर निरोप पाठवलेली तिन्ही घरं वळली होती.

राहिलं सुभेदारांचं घर. आईने ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

सुभेदार ओट्यावर बसले होते, उठून उभे राहिले. पुढच्या बाईने पत्रक पुढे केलं. त्यांनी हात मागेच ठेवले.

"कुकू लावून रंग बदलत न्हाई," ते म्हणाले. "गुलाबी त्यो गुलाबीच."

आई मागून पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. वडिलांचे स्नेही म्हणून सुभेदारांपुढे ती कधी मान वर करून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

"आवं सुभेदार, पोराला भरतीला घालवाय स्टँडवर गेलासा, तवा डोक्याला काय बांधलं हुतं?"

सगळ्या पेठेने ते बघितलं होतं. गुलाबी फेटा, तुरा काढून.

"तुमच्या डोक्यावर गुलाबी असला तर त्यो मान. आनि आमच्या नावाला लागला तर बट्टा?"

"वैनी, तमाशाचा कागद हाय त्यो."

"व्हय, हाय. तमाशाची बाईबी माज्या छापखान्यात येती, पानी पिती, दोन घटका बसती. ती घाम गाळून खाती. तिला मी कवा हलकं बोलली न्हाई आनि तिच्या रंगालाबी बोलनार न्हाई. माज्या पोरीनं घाई केली, ती चूक आमची. त्याची माफी मी मागती. रंगाची न्हाई मागनार."

मी आईला असं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. सुभेदार खाली बघत होते. तेवढ्यात आतून मैत्रीण बाहेर आली. हाताला राख लागलेली होती. सासऱ्यांकडे तिने बघितलंच नाही. उंबरा ओलांडून ती ओट्यावर आली आणि तिने पदर पुढे केला. कागद पदरात पडला. त्यावर पहिलं नाव तिचंच होतं.

मग सुभेदार खाकरले. "नीट धर," ते म्हणाले, "खाली पाडू नगंस." आणि आत गेले. थोड्या वेळाने ट्रंकेची कडी वाजली.

नाटक झालं, आणि जोरात झालं. आवार भरलं, भिंतीवर माणसं बसली. शिट्टी एकही नाही. फौजी घरी येतो त्या प्रवेशात मैत्रिणीने कडक सलाम ठोकला आणि नेमकी त्याच वेळी तिची मिशी एका बाजूने सुटली. तिने उजवा हात हलवला नाही. डाव्या हाताने मिशी दाबून धरली आणि तशीच उभी राहिली. लोक हसले, पण ते कौतुकाने. पुढे कैक वर्षं सुभेदार तक्रार करायचे की डावा हात खाली, मांडीलगत पाहिजे होता. ही तक्रार ते भेटेल त्याला सांगायचे, आणि सांगताना मिशीला पीळ द्यायचे.

नाटकानंतरच्या चैत्रात, जत्रांचे दिवस आले तेव्हा, तमाशाच्या फडाच्या मालकीणबाई नेहमीप्रमाणे हँडबिलं छापायला आल्या. पाणी प्यायल्या, बसल्या. मग म्हणाल्या, "आक्का, औंदा आमाला दुसरा रंग द्या."

आईने विचारलं, का?

"येताना एका वाडीवर पानी मागाय थांबलो. देवळीत देवापुढं गुलाबी कागद, त्याला हळद-कुकू. मला वाटलं आमचाच. लय वेळ बगत ऱ्हायले. मग घरधनीन म्हनली, न्हाई, ह्यो बायकांच्या नाटकाचा हाय." त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "एवड्या सालांत आमच्या रंगाला कुनी कुकू लावलं न्हवतं. तुमी लावलासा. आता त्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. आमच्यापाय तुमच्या लेकीसुनांना पुन्यांदा तरास नगं."

आईने कागदाच्या कपाटाकडे बघितलं. "रंग तुमचाच हाय बाई," ती म्हणाली. "आमी मागून घेतला. तुमचा तुमी का सोडायचा?"

त्या मोसमात तमाशाची हँडबिलं गुलाबीच निघाली. आणि पावसाळ्यानंतर महिला मंडळाचं दुसरं नाटक आलं तेव्हा बायकांनी येऊन आपणहून सांगितलं, काकी, आमचा गुलाबीच. त्याच आठवड्यात फडाचंही काम होतं. मशीनशेजारी दोन गठ्ठे पडले, एका आकाराचे, एका रंगाचे, दोन्हीला सारखीच वेलबुट्टी.

हलगीवाले मामा दारात येऊन उभे राहिले. आईने एक गठ्ठा उचलला आणि थबकली. तो खाली ठेवून दुसरा उचलला. इतक्या वर्षांत तिच्या हातून कधी चुकीचा कागद गेला नव्हता. तिने दोन्ही गठ्ठ्यांवरचा एकेक कागद काढला, उजेडात धरला आणि माझ्याकडे वळली.

"ह्यातलं बायकांचं कुठलं गं?"

मी सांगितलं. तिने मामांना तो गठ्ठा दिला, ते गेले. मग ती माझ्याजवळ येऊन बसली, दोन्ही कागद अजून हातातच होते.

"आजवर मला नुसत्या बगन्यावर भागत हुतं," ती म्हणाली. "तुज्या त्या एका घाईनं मला आंदळी केलं बग." आणि ती चक्क हसली. "आता डोळं दे."

मी उठले, खिळ्यांच्या पेटीतून एक 'म' शोधून काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.